चेहरा तर झाकला होता

१६ फेब्रुवारी, रविवार

ऋतिकाच्या साखरपुड्याला अर्नाळ्याला जाऊन आले. जेवण तुडुंब झालंय आणि पाय भरून आलेत, पण आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ही पोरगी सप्टेंबरमध्ये आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात आली तेव्हा चाळीस किलोची होती. वय तेवीस. टीबी म्हटल्यावर तिची आई रंभा माझ्या पायाशीच बसली. कोळणीचा आवाज बाजारात केवढा मोठा, पण त्या दिवशी कानात बोलल्यासारखं 'कोनाला सांगू नका' एवढंच म्हणत राहिली. गावातलं कोणी बघेल म्हणून दवाखान्यात रोज यायला ऋतिका घाबरायची. मग मीच डॉक्टर इझाबेलना सांगितलं, हिच्या गोळ्या माझ्या घरी ठेवते. तेव्हापासून ती सकाळी साडेनऊला चंदनसारला माझ्या स्वयंपाकघरात येते, माझ्यासमोर गोळ्या गिळते, मी कार्डावर खूण करते आणि ती पुढे कापडाच्या दुकानात कामाला जाते. पाच महिन्यांत एकही खाडा नाही. माझी लेक उन्नती लग्न होऊन पुण्याला गेल्यापासून सकाळी घरात बडबडणारं कोणी नव्हतं, ते हिने भरून काढलं.

आज मी तिथे 'यमुनामावशी, दुकानातल्या ओळखीच्या' होते. खरं काय ते फक्त आम्हा दवाखान्यातल्यांना आणि मायलेकींना ठाऊक. जितेशला, म्हणजे नवऱ्या मुलाला, ठाऊक नाही. वसईच्या कोळीवाड्यातला, बापाची बोट आहे, मुलगा बोलायला मऊ. मध्यंतरी ऋतिका म्हणत होती, मावशी, त्याला सांगू का? मी चांगली दटावली. गोळ्या संपल्या की विषय संपला. लग्न होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. मे महिन्यात लग्न आहे, तोवर दातावर दात ठेवून गप्प बस म्हटलं.

साडी मात्र काय सुरेख दिली सासरच्यांनी! अंजिरी, आणि काठावर पिवळे पोपट. जितेशची बहीण रीमा सगळ्यांना सांगत होती, मी मुद्दाम विणून घेतलीय, अशी दुसरी सापडायची नाही. रीमा मोठी लाघवी आहे. फोटो पाठवते म्हणून तिने माझा नंबर घेतला, मीही तिचा घेतला. घरी पोचेपर्यंत चाळीस फोटो आले होते.

५ मार्च

आज दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून तासभर समजावलं. पेशंटचं नाव, चेहरा, रिपोर्ट, काहीही मोबाइलवरून बाहेर जाता कामा नये. मला हसूच आलं. मी स्टेटसला इतक्या गोष्टी ठेवते, पण आजवर एक नाव टाकलं असेल तर शपथ. बरे झालेल्या पेशंटचा फोटो ठेवलाच तर चेहऱ्यावर मोठ्ठं कमळ चिकटवते. उन्नतीनेच शिकवलंय मला ते. अहो, लोकांना धीर नको का मिळायला? टीबी म्हणजे मरण नव्हे, हे कोणीतरी दाखवायला हवं.

आमचा लॅबमधला हितेश सगळा वेळ टेबलाखाली मोबाइल बघत होता. तिशी उलटलेला बाप्या, दोन मुलांचा बाप, पण भान नाही. राहतोही अर्नाळ्यालाच. मी डॉक्टरांना खूण केली, पण त्यांनी दुर्लक्ष केलं.

२४ मार्च, सोमवार

आज जागतिक टीबी दिवस आणि आजच ऋतिकाची शेवटची गोळी! योग जुळून यावा तर असा.

पोरगी ती अंजिरी साडी नेसून आली. 'मावशी, आज माझाच सण आहे,' म्हणाली. बावन्न किलो झालीय. गाल वर आलेत. बाई पेशंटच्या गोळ्या संपल्या की मी तिची ओटी भरते, हे माझं ठरलेलंच. आमचे हे मध्येच म्हणाले, अगं तिचं लग्न कुठे झालंय अजून, ओटी सवाष्णीची भरतात. म्हटलं, मरणाच्या दारातून परत आली ती पोर, तिची ओटी मी भरणारच, शास्त्र तुमचं तुम्ही सांभाळा. नारळ, तांदूळ, खण घातला. तिने गोळ्यांची रिकामी पाकिटं जपून ठेवली होती, तीही गंमत म्हणून ओटीत ठेवली. दोघी हसत सुटलो आणि मग दोघी रडलो.

फोटो काढू का विचारलं, तर हो म्हणाली, पदर नीट करून बसली. ती गेल्यावर मी कमळ चिकटवलं, चेहरा पूर्ण झाकला, आणि स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'आमची आणखी एक लेक आज टीबीतून बरी झाली. सहा महिन्यांत एकही गोळी चुकवली नाही.' ह्यांनाही दाखवला. म्हटलं, सांगा बघू कोण आहे. नाही ओळखता आलं. अर्थात ह्यांना माझी साडीही ओळखता येत नाही.

२५ मार्च

एकशे सत्त्याऐंशी लोकांनी स्टेटस पाहिला! कोणी नमस्कार पाठवला, कोणी फुलं. उन्नतीच्या सासूबाईंनी 'धन्य आहे तुमची' असं लिहिलं. रीमानेही पाहिलेला दिसतोय. एरवी ती पाच मिनिटांत बदाम पाठवते, आज काही आलं नाही. कामात असेल.

२७ मार्च

आज लिहायलाच नको वाटतंय. तरी लिहिते.

दुपारी रंभा दवाखान्याच्या फाटकाशी उभी. बाजार सोडून आली होती, मासळीची पाटीसुद्धा बरोबर नव्हती. मला बाजूला ओढलं आणि म्हणाली, 'यमुनाबाय, मोडलं. पोरीचं लगीन मोडलं.'

काल जितेश, त्याचा बाप आणि रीमा घरी आले होते. बसलेही नाहीत. बाप म्हणाला, तुमच्या पोरीला टीबी आहे आणि तुम्ही आमच्या गळ्यात मारत होता. अंगठी काढून घेतली. साडीसुद्धा मागून घेतली, रीमाने तिची घडी घालून स्वतःच्या पिशवीत भरली. इतक्या हलक्या मनाची असेल असं वाटलं नव्हतं. साडीशी काय वैर होतं हिचं?

'पन कोनी सांगलं त्यांना?' रंभा विचारत राहिली. 'ती लोकं बोलत नाय. बोलले, आमच्या मानसानं डोल्यानं बघितलंय. कोनी दाखवलं? मी तर देवापुढंसुद्धा नाव काढलं नाय या रोगाचं.'

पाणी दिलं, तर घेतलं नाही. मी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, ज्याने हे केलंय त्याला मी सोडणार नाही.

'डोळ्याने बघितलं' म्हणजे रिपोर्टच. दुसरं काय? आणि रिपोर्ट कोणाच्या हातात असतात? अर्नाळ्यात कोण राहतं?

२८ मार्च

हितेशला सगळ्यांसमोर विचारलं. डॉक्टर होत्या, शिपाईमावशी होत्या, दोन पेशंटही होते, पण मला राहवलंच नाही. 'एका पोरीचं आयुष्य नासवलंस,' म्हटलं. तो पांढरा पडला. 'ताई, मी काही केलेलं नाही,' एवढंच म्हणाला. चोराच्या उलट्या बोंबा तरी असतात, हा बोंब मारायलाही तयार नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? डॉक्टरांनी चौकशी होईपर्यंत त्याला कामणच्या टीबी तपासणी शिबिरावर पाठवलंय. माझ्याकडे मात्र त्या नुसत्या बघत होत्या.

ऋतिकाचा शेवटचा रिपोर्ट आला. स्वच्छ आहे, एक जंतू नाही. तिला फोन लावला, तिने घेतला नाही.

३० मार्च, पाडवा

सकाळी गुढी उभारली आणि श्रीखंडाचा डबा घेऊन अर्नाळ्याला गेले. दारापुढे बोंबील वाळत होते. रंभाने आत बोलावलं. ऋतिका आतल्या खोलीतून बाहेर आली, केस न विंचरलेले. मला बघून हसायला गेली, पण तिला ते जमलं नाही.

रिपोर्ट हातात दिला. तिने तो कितीतरी वेळ धरून ठेवला. 'आज तारीख काय, तीस ना?' विचारलं तिने. हो म्हटलं. मग घडी करून उशीखाली ठेवला.

मी म्हटलं, 'कोणी सांगितलं ते शोधलंय मी. तो हितेश. त्याला कामणला हाकललंय.'

तिने एकदम मान वर केली. 'मावशी, हितेशदादाने नाही सांगितलं.'

'तुला काय ठाऊक?'

'मला ठाऊक आहे. त्याला परत बोलवा. पाया पडते तुमच्या.'

'मग कोणी सांगितलं?'

तिने श्रीखंडाचा डबा जवळ ओढला. मग म्हणाली, 'जाऊ दे ना. श्रीखंड तुम्ही घरी केलंय?'

एवढं होऊनही दुसऱ्याची बाजू घेते. इतका साधेपणा बरा नव्हे. जग अशा माणसांनाच ओरबाडतं.

२ एप्रिल

देवा.

उन्नतीचा फोन आला होता. तिला म्हटलं, थांब, तुला त्या पोरीची साखरपुड्याची साडी दाखवते, काय पोपट होते काठावर. फोटो शोधायला लागले. वर रीमाने पाठवलेला फोटो, ऋतिका आणि जितेश शेजारी शेजारी. खाली माझा. कमळाखाली चेहरा, आणि कमळाच्या खाली सगळीच्या सगळी अंजिरी साडी, मांडीवर पसरलेले पिवळे पोपट, त्यांच्यावर गोळ्यांची पाकिटं.

अशी दुसरी सापडायची नाही, असं रीमा म्हणाली होती.

उन्नती पलीकडून 'आई, आई' करत होती. मी फोन ठेवून दिला. कमळ चेहऱ्यावर टाकलं मी. आमच्याकडे बाईला चेहऱ्यावरून नाही, साडीवरून ओळखतात, पन्नास वर्षं साड्या नेसून हे मला कळू नये? मी स्वतः समारंभात पाठमोऱ्या बायका साडीवरून ओळखते!

मीच केलं. दुसरं कोणी नाही. मीच.

३ एप्रिल

डॉक्टर इझाबेलना सगळं सांगितलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. 'यमुनाताई, तुमच्या घरी ओटी भरली, तिथेच थांबायला हवं होतं,' एवढंच म्हणाल्या. एक महिना पेशंटकडे जायचं नाही, असं लेखी दिलं. मी सही केली.

मग कामणला गेले. गोदामांच्या मागे शिबिराचा मांडव होता, हितेश थुंकीच्या डब्यांवर नंबर घालत होता. सगळ्यांसमोर आरोप केला होता, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. तो म्हणाला, 'ताई, मी अर्नाळ्यात राहतो. गावातल्या अकरा जणांची थुंकी तपासलीय मी. माझ्या बायकोला त्यातलं एक नाव माहीत नाही.' आवाज चढवला नाही त्याने. मग म्हणाला, 'त्या दिवशी टेबलाखाली मोबाइल बघत होतो ना, मुलगी तापाने फणफणली होती.'

५ एप्रिल, शनिवार

ऋतिकाला सांगितलं. पाठ केलेलं सगळं विसरले आणि नुसतं म्हणाले, 'ऋतिका, मी गं. तो फोटो.'

'माहीत आहे मावशी,' ती म्हणाली.

तिला चोवीस तारखेलाच कळलं होतं. संध्याकाळी रीमाने माझ्या स्टेटसचा फोटो काढून तिला पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'ही माझीच साडी ना?'

म्हणजे पाडव्याला मी तिच्यासमोर बसून दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा ती सगळं जाणून होती.

'मग बोलली का नाहीस?'

'तुम्ही इतक्या खुशीत होतात त्या दिवशी. तुम्हाला काय बोलू? आणि बोलून थोडंच परत येणार होतं सगळं?' तिने पायाच्या बोटाने जमीन टोकरली. 'मी त्याला पाडव्याला सांगणार होते, मावशी.'

'काय?'

'जितेशला. तुम्ही नको म्हणालात म्हणून तुमच्याजवळ बोलले नाही. पण मला असं लपवून जायचं नव्हतं त्याच्या घरात. शेवटचा रिपोर्ट अठ्ठावीसला येणार, मग तीसला त्याला किनाऱ्यावर बोलवायचं, रिपोर्ट दाखवायचा आणि पहिल्यापासून सगळं सांगायचं, असं ठरवलं होतं. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणूनसुद्धा बघितलं होतं. त्याने नाही म्हटलं असतं तर नाही. पण मी सांगितलेलं असतं ना.'

मला रडू आवरेना. ती उठून पाणी घेऊन आली. ज्याची चूक त्यालाच पाणी द्यायचं, ही कुठली रीत?

'तुम्ही खोटं नाही सांगितलं काही,' ती म्हणाली. 'पण ते मी सांगायचं होतं.'

९ एप्रिल

फोनमधले पेशंटचे सगळे फोटो काढून टाकले. एकतीस निघाले. एकतीस जणींच्या घरी काय झालं असेल, मला कोणी सांगितलं नाही. कदाचित काहीच नाही. कदाचित त्याही ऋतिकासारख्याच गप्प बसल्या असतील. त्या विचाराने जेवण गेलं नाही.

हे म्हणाले, इतकं मनाला लावून घेऊ नकोस, तुझा हेतू चांगला होता. मी म्हटलं, हेतू घेऊन ती पोर काय करणार?

१३ एप्रिल, रविवार

आज दुपारी जितेश घरी आला.

दार उघडलं तर हेल्मेट हातात घेऊन उभा. पत्ता कुठून काढला कोण जाणे. चहा नको म्हणाला. खुर्चीच्या काठावर बसला. दाढी वाढलेली.

'मावशी, मला आजाराचं काही नाही,' म्हणाला. 'माझ्या चुलत्यालासुद्धा झाला होता, बरा झाला, आज बोटीवर जातो. मला राग आला तो लपवल्याचा. पप्पा बोलले, फसवलं. मलाही तसंच वाटलं. पण आता झोप लागत नाही. ती माझा फोन घेत नाही.' मग मान खाली घालून म्हणाला, 'तुम्हाला ती सगळं सांगायची. एकच विचारायचंय. ती मला सांगणार होती का, कधीतरी? की लग्न करून तसंच राहणार होती? एवढं सांगा. सांगणार होती म्हणालात तर मी आत्ता इथून अर्नाळ्याला जातो.'

जिभेच्या टोकावर आलं होतं. पाडव्याला, किनाऱ्यावर, आरशासमोर, सगळं सगळं. एक 'हो' म्हटलं असतं तर पोरीचं लग्न परत उभं राहिलं असतं. माझ्या हातून गेलेलं माझ्याच हातून परत आलं असतं.

पण ते तिचं होतं. तिने मला माझ्यापुरतं सांगितलं होतं. मागच्या वेळीही मला वाटलंच होतं ना, की मी तिच्या भल्याचं करतेय?

'ते तिलाच विचार,' मी म्हटलं.

'ती बोलतच नाही ना!'

'मग मला दोन दिवस दे.' तो माझा नंबर घेऊन गेला. गेल्यावर मी त्याच खुर्चीत बसून राहिले.

१४ एप्रिल

सकाळीच अर्नाळ्याला गेले. या वेळी विचारायला गेले. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या भल्यासाठी आधी त्याला विचारतेय, असं रस्त्यात मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली.

ऋतिका मागच्या दारी आईबरोबर मासळी निवडत होती. जितेश आला होता, काय म्हणाला, ते जसंच्या तसं सांगितलं. रंभाने हातातला कोयता खाली ठेवला. 'सांग गो त्याला,' ती लेकीला म्हणाली. 'पोर चांगला हाय. तू नाय तर या बाईला सांगू दे.'

ऋतिकाचे डोळे भरून आले. तो घरी आला होता, झोपत नाही, हे ऐकताना तिचा चेहरा कसा झाला ते मी पाहिलंय. तिचा जीव आहे त्याच्यावर. अजूनही आहे.

'सांगू का गं?' मी विचारलं. 'तू हो म्हणालीस तरच.'

बराच वेळ तिने मासळी निवडली. मग म्हणाली, 'नको.'

'अगं पण...'

'त्या दिवशी तो बापाच्या मागे उभा होता, मावशी. माझ्याकडे बघत होता. तेव्हा त्याने हेच मला विचारलं असतं, तर मी सगळ्यांसमोर सांगितलं असतं. नाही विचारलं. आज तुमच्याकडून ऐकून येईल, उद्या आणखी कोणाकडून काही ऐकून जाईल.' तिने मनगटाने डोळे पुसले. 'माझं काय, कधी, कोणाला सांगायचं, एवढं तरी माझ्याकडे राहू दे.'

रंभा तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी बरं म्हटलं आणि निघाले.

१५ एप्रिल

संध्याकाळी जितेशचा फोन आला.

'मावशी, बोललात का तिच्याशी?'

मी म्हटलं, 'जितेश, बाळा, मला यातलं काही सांगता येणार नाही.'

मग तो म्हणाला, 'म्हणजे नव्हतीच सांगणार.'

मी काही बोलले नाही.

'असती सांगणार तर तुम्ही हो म्हणाला असतात,' तो म्हणाला. 'ठीक आहे. आता निदान कळलं.' आणि त्याने फोन ठेवला.

सांगणार होती रे. सगळं सांगणार होती.

हे आतून विचारत होते, कोणाचा फोन होता, एवढी रडतेस का? मी म्हटलं, काही नाही, कांदा चिरतेय.